पान बारापर्यंत

वाचन ही अत्यंत गंभीर बाब असून ती मुलांच्या हाती देऊन चालत नाही, हे एव्हाना सगळ्या सुधारलेल्या शाळांना पटलेलं आहे. मुलाच्या हाती पुस्तक दिलं की आधी कोपरे दुमडतात, मग कव्हर जातं, आणि मग मूल प्रश्न विचारायला लागतं. पहिली दोन नुकसानं डिंकानं भरून निघतात. तिसऱ्याला इलाज नाही. म्हणून शहाणी शाळा वाचनाचा गौरव करते आणि होता होईल तो वाचन टाळते.

आमची त्सिकोपे प्राथमिक शाळा या बाबतीत जिल्ह्यात पहिली आहे. हे मी पदरचं सांगत नाही, तशी ढाल आहे आमच्याकडे. ढालीवर आदल्या विजेत्या शाळेचं नाव खोडायचं राहिलंय, पण ढाल आमच्याच भिंतीवर आहे आणि खिळाही आम्हीच ठोकला आहे.

मी कोमला. चौथीचा वर्गशिक्षक आणि दर वर्षीच्या 'वाचन गौरव दिना'चा कायमचा निवेदक. पहिलं काम मला सरकारनं दिलं, दुसरं माझ्या आवाजानं. आमचे हेडमास्तर डोग्बे म्हणतात, "कोमला, तुझ्या हातात माईक असला की माणसं जेवण कधी आहे ते विचारायचं विसरतात." आमच्या भागात याहून मोठी शाबासकी कोणी कोणाला देत नाही.

वाचनाचं कपाट हेडमास्तरांच्या खोलीत आहे. राजधानीत, अक्राला राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी ते पुस्तकांसकट भेट दिलं. भारी लाकूड, काचेची दारं, आणि कुलूप असं की चोरानं बघितलं तरी त्याला शाळेबद्दल आदर वाटावा. किल्ली हेडमास्तरांच्या गळ्यात, सदऱ्याच्या आत, क्रॉसच्या शेजारी असते. काचा दर सोमवारी पुसल्या जातात, आणि त्या पुसायला मिळणं हा हुशार मुलांचा मान आहे. अशा रीतीनं शाळेतल्या प्रत्येक हुशार मुलाचा पुस्तकांशी अगदी जवळचा संबंध येतो (काचेपर्यंत).

गेल्या सहा वर्षांत आमच्या शाळेतलं वाचन सारखं वाढत आलेलं आहे. ते मोजायची पद्धत हेडमास्तरांनी स्वतः बसवली. वाचनानंतरच्या टाळ्या किती लांब ऐकू गेल्या, ते बघायचं. पहिल्या वर्षी चर्चपर्यंत गेल्या. दुसऱ्या वर्षी मासे धुरावर सुकवतात त्या शेडपर्यंत. गेल्या वर्षी खाडीपलीकडून एका माणसानं निरोप पाठवून विचारलं की कोण वारलं. हेडमास्तरांनी तो निरोप अहवालात जोडला.

हे आपोआप होत नाही. मेहनत आहे. तिसऱ्या सत्रात वाचनाच्या तासांची विभागणी पुढीलप्रमाणे असते. सोमवारी टाळ्या: आधी एका बोटानं, मग दोन, मग चार, मग सगळा पंजा, ही पावसाची टाळी, आणि तोंडानं 'शू शू' करून सायकलमध्ये हवा भरायची आणि एकदम फोडायची, ही पंपाची टाळी. मंगळवारी संचलन. बुधवारी खुर्च्या कशा मांडायच्या आणि पाहुणा बसेपर्यंत आपण त्यांवर कसं बसायचं नाही. गुरुवारी ढोल. शुक्रवारी 'वाचनाचे महत्त्व' हा निबंध फळ्यावरून उतरवून घेणं. एवढं करून वेळ उरलाच तर वाचन घ्यावं, अशी स्पष्ट सूचना आहे. आजवर वेळ उरलेला नाही, यावरून आमचं नियोजन किती काटेकोर आहे ते कळेल.

आता पुस्तकाविषयी. कपाटात पुस्तकं पुष्कळ आहेत, पण गौरवाला एक पुरतं. त्याचं नाव 'आजीची बकरी बाजाराला निघते'. एक म्हातारी आपली पांढरी बकरी विकायला निघते. रस्त्यात तिला हा भेटतो, तो भेटतो, बकरी कोणाचं तरी वाळत टाकलेलं फडकं खाते, मग दोघी होडीत बसतात. बाराव्या पानावर होडी भर पाण्यात आल्यावर तळाला गळायला लागते. पाणी म्हातारीच्या घोट्यापर्यंत येतं आणि बकरी ओरडते. इथं आम्ही टाळ्या वाजवतो.

इथंच का, असं नवीन आलेले शिक्षक विचारतात. (पुढल्या वर्षी विचारत नाहीत.) त्याचं असं झालं, की पहिल्या वर्षी जिल्हा शिक्षण संचालक आले होते आणि बरोब्बर बारावं पान संपताना त्यांचा फोन वाजला. ते उठले. संचालक उठलेले बघून हेडमास्तर उठले, हेडमास्तर उठलेले बघून गाव उठलं, आणि अख्खं गाव उभं राहिल्यावर टाळ्या न वाजवणं बरं दिसत नाही. संचालकांनी फोन संपवला, पेन मागितलं आणि 'उत्तम' असा शेरा दिला. आता 'उत्तम' हा शेरा बारा पानांना मिळालेला आहे. तेरावं पान वाचून तो 'बरा'वर घसरला तर जबाबदार कोण? तेव्हापासून वाचन बारा पानांचं झालं. पुढं एका वर्षी एका घाबरलेल्या मुलानं दोन पानं एकदम उलटली आणि अनर्थ होता होता टळला, म्हणून तेरापासून पुढची सगळी पानं आता जाड लाल रबरानं बांधून ठेवतात.

म्हणजे गेली सहा वर्षं एक म्हातारी आणि एक बकरी गळक्या होडीत भर पाण्यात बसून आहेत, आणि आम्ही दर वर्षी उभं राहून त्यांना टाळ्या देतो. यात कोणाला काही वावगं वाटलं नव्हतं. पुस्तक इंग्रजीत आहे, पण आमच्या शिक्षिका मॅडम कम्फर्ट प्रत्येक पान आमच्या एवे भाषेत समजावून सांगतात, त्यामुळे मक्याची केंकी विकणाऱ्या बाईपासून ते आमच्या तोग्बेंपर्यंत सगळ्या गावाला ती गोष्ट पाठ आहे. (तोग्बे म्हणजे गावचे प्रमुख. समारंभात मोठ्या छत्रीखाली बसतात आणि दुसऱ्या भाषणाला डोळे मिटतात.) वाचणाऱ्या मुलालाही पाठच असते. पुस्तक हातात धरायचं, पानं वेळच्या वेळी उलटायची, आणि म्हणायचं पाठ केलेलं. वाचण्यात माणूस अडखळू शकतो. पाहुण्यांसमोर तो धोका कशाला पत्करायचा?

हे असं सगळं सुरळीत चालू असताना माझ्या वर्गात सेनाम आली.

मुलगी वाईट नाही. नाक पुसलेलं असतं, गणवेशाची बटणं जागच्या जागी असतात. तिच्यात खोड एकच. ती वाचते. साबणाच्या खोक्यावरचं वाचते, होड्यांवर रंगवलेली नावं वाचते, माझ्या डब्याला गुंडाळलेला पेपर वाचते आणि वर मला विचारते की त्या मंत्र्याचं पुढं काय झालं. ती हे कुठं शिकली ते शाळेला सांगता येणार नाही (चौकशी चालू आहे). घरी तिची आजी आहे, कोसिवा आजी. दर चौथ्या दिवशी पलीकडच्या काठाला बाजार भरतो, तिथं कोसिवा आजी होडीनं छोटे लाल कांदे विकायला नेते. दोघींचं घर त्याच कांद्यांवर चालतं.

एका सोमवारी, ऐन टाळ्यांच्या तासाला, सेनामनं हात वर केला.

"सर, म्हातारी बुडाली का?"

"कोणती म्हातारी?"

"पुस्तकातली. पाणी घोट्यापर्यंत आलं होतं ना."

"ते बाराव्या पानावर."

"हो सर. पण तेराव्यावर किती आलं?"

मी तिला शांतपणे समजावलं, की आपल्याला बारा पानांत जे शिकायचं ते शिकून झालेलं आहे. उगाच खोलात जाऊ नये. म्हातारीही गेलेली नसावी.

"सर, तुम्ही ते पुस्तक वाचलंय?"

"मी त्या पुस्तकावर सहा भाषणं केली आहेत," मी म्हणालो.

तिचं समाधान झालेलं दिसलं नाही. काही मुलांना अधिकार कळायला वेळ लागतो. मग तिनं काचा पुसता पुसता हेडमास्तरांना विचारलं. ते म्हणाले, "पोरी, तेरावं पान माध्यमिकला असतं." मॅडम कम्फर्टना विचारलं. त्या म्हणाल्या, "ज्यांची श्रद्धा असते त्यांची म्हातारी बुडत नाही." शाळेकडे होती तेवढी सगळी उत्तरं अशी तिला देऊन झाली, आणि आम्ही प्रकरण मिटलं असं धरून चाललो.

दोन बाजार उलटले आणि कोसिवा आजी शाळेत आली. आली तीच कमरेचं फडकं आवळून. हेडमास्तर आणि मी मांडवाच्या भाड्याचं बोलत होतो.

"मास्तर, तुमच्या त्या म्हातारीचं काय ते एकदाचं सांगून टाका," ती दारातूनच म्हणाली.

"कोणत्या म्हातारीचं, आजी?"

"होडीतल्या. पोर मला होडीत पाय ठेवू देत नाही. म्हणते, तिचं काय झालं ते कळेपर्यंत तू जायचं नाहीस, आपलीही होडी गळकीच आहे. एका बाजाराला माझी कांद्याची पाटी लपवून ठेवली. दुसऱ्या बाजाराला होडीच्या दोरावरच जाऊन बसली. नावाडी बोंबलतोय, बायका खिदळतायत, आणि ही आपली ढिम्म. कांद्यांना मोड आले, मास्तर. तुमच्या पुस्तकापायी माझी चूल विझायची पाळी आलीय."

हेडमास्तरांनी तिला पाण्याची पिशवी दिली. (शाळेत आलेल्या रागावलेल्या माणसाला थंड पाण्याची पिशवी द्यावी. ती दातांनी फोडेपर्यंत त्याला बोलता येत नाही.) कोसिवा आजीनं ती न फोडता काखेत धरली.

"आजी, ही शैक्षणिक बाब आहे," हेडमास्तर म्हणाले.

"असेल. कांदे माझे आहेत. ते कपाट उघडा, पान उलटा, बघा आणि मला सांगा. मी उभी आहे."

"पुस्तक असं मध्येच काढता येत नाही."

"का? चावतं?"

"समारंभाखेरीज काढायचं नाही असा ठराव झालेला आहे."

"ठराव करताना त्या म्हातारीला विचारलं होतंत का? ती बसलीय तिकडं पाण्यात."

हेडमास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी ढालीकडे बघितलं. कोसिवा आजी मात्र कपाटापाशी गेली आणि काचेला नाक लावून आतल्या रांगा बघत राहिली. तिला वाचता येत नाही, त्यामुळे ती बराच वेळ बघत होती.

"एवढी सगळी," ती म्हणाली. "म्हणजे यांतल्या प्रत्येकात कोणी ना कोणी अडकून पडलेलं असणार."

"काचा आम्ही दर सोमवारी पुसतो," हेडमास्तर म्हणाले.

ती गेल्यावर हेडमास्तरांनी जो निर्णय घेतला तो प्रशासनाच्या पुस्तकात घालण्यासारखा आहे. तक्रार करणाऱ्याला समितीत घेतलं की तक्रार संपते. या तत्त्वानुसार यंदाच्या गौरव दिनाला वाचनासाठी सेनामची निवड करण्यात आली. गेल्या वर्षीचा वाचक एलिकेम, ज्याचं पाठांतर असं की झोपेतून उठवलं तरी पान सातपासून सुरू करेल, त्याला राखीव ठेवण्यात आलं. सेनामला बोलावून मी ही बातमी दिली. तिनं एकच विचारलं.

"पुस्तक माझ्याच हातात असेल ना, सर?"

"तुझ्याच. पण बघायचं पाहुण्यांकडे."

"हो सर," ती म्हणाली, आणि हसली. आता वाटतं, ते हसू जरा जास्तच शहाणं होतं. त्या दिवशी मला फक्त तिचे दात बरे वाटले.

गौरव दिन आला. मांडव दोन: एक मान्यवरांचा, झालर लावलेला, एक पालकांचा, ऊन येणारा. तोग्बे छत्रीखाली बसले, शेजारी त्यांच्या वतीनं बोलणारे भालदार. संचालक बसले. त्यांचा फोन यंदा आम्ही आदरपूर्वक बंद करून घेतला होता. पूर्वजांना मद्य वाहिलं गेलं, लगेच त्यावर उतारा म्हणून पाद्रींनी प्रार्थना केली. नंतर स्वागत, स्वागताचं स्वागत, मुलांचं संचलन, नाच, देणगीचं आवाहन, वाचनावर पाच भाषणं (पाचही न वाचता, तोंडी). मोठ्या पातेल्यांतला जोलोफ भात वास सोडायला लागला, तेव्हा मी माईक तोंडाशी धरून जाहीर केलं, "आता वाचन. वाचन थोडंसंच आहे."

हेडमास्तरांनी गळ्यातली किल्ली काढली, एखाद्या मुलाकरवी नव्हे तर स्वतः जाऊन पुस्तक आणलं आणि दोन्ही हातांनी सेनामच्या हाती दिलं. ती सुरू झाली. खोटं कशाला सांगू, पोरीनं सुरेख म्हटलं. बकरीनं फडकं खाल्लं तिथं बायका हसल्या. मॅडम कम्फर्ट एवेमध्ये सांगत होत्या आणि लोक त्यांच्याही आधी वाक्यं म्हणत होते. होडी निघाली. तळाला गळती लागली. पाणी घोट्यापर्यंत आलं. बकरी ओरडली. हेडमास्तर उठले, गाव उठलं, टाळ्या पडल्या.

या जागी मुलानं कमरेत वाकून पुस्तक परत द्यायचं असतं. सेनाम वाकली नाही. तिनं पानांचं लाल रबर काढलं, बांगडीसारखं मनगटात घातलं, आणि पान उलटलं.

सहा वर्षांत हे पान कोणी उलटलेलं नव्हतं. हेडमास्तरांचा चेहरा असा झाला की पाद्रींनी बायबल हातात घेतलं. मला खूण झाली. मी माईक बंद केला. (माईक चालू ठेवणं कोणालाही जमतं, वेळेवर बंद करायला निवेदक लागतो.) दुसरी खूण मुलांना झाली, आणि मुलांनी पावसाची टाळी सुरू केली. एक बोट, दोन, चार, सगळा पंजा. पाऊस पडून गेला. सेनाम वाचतच होती, ओळीखाली बोट धरून. तिसरी खूण. पंपाची टाळी. हवा भरली, फुटली. सेनाम वाचत होती. मग वाजंत्र्यांना खूण झाली, आणि त्यांनी मयताला वाजवतात ते वाजवलं, कारण जोरात त्यांना तेवढंच येतं.

त्या गदारोळात ती काय वाचत होती हे कोणालाही ऐकू आलं नाही. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो, मलाही नाही. मॅडम कम्फर्टनी भाषांतरासाठी तोंड उघडलं आणि मिटलं. मला एवढंच दिसलं, की तेराव्या पानाच्या मध्यावर तिचं बोट थांबलं, ओठ गच्च मिटले. मग बोट पुन्हा सरकलं. पान उलटलं. चौदाव्या पानाच्या शेवटी तिनं मोठा श्वास सोडला आणि ती हसली, एकटीच. ती आमच्यासाठी वाचत नव्हती. समारंभात असं करणं शोभत नाही, पण खरं ते हेच. तेवढ्यात हेडमास्तर येऊन पोचले. त्यांनी पुस्तक तिच्या हातातून घेतलं, आत नेलं, आणि कुलूप लागल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला, कारण वाजंत्री नेमके दम खायला थांबले होते.

त्या शांततेत पालकांच्या मांडवातून कोसिवा आजीचा आवाज आला.

"काय गं? काय झालं तिचं?"

"तू परवा बाजाराला जा, आजी," सेनाम म्हणाली. माईकशिवाय, पण शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. "फक्त भोपळ्याची मोठी वाटी बरोबर ने."

"वाटी कशाला?"

"पाणी उपसायला. एकीनं नाही, सगळ्या बायकांनी. आणि नावाड्याला सांग, गप्पा पलीकडं पोचल्यावर."

बायका हसल्या. नावाडी तिथंच बसला होता, त्याला ते लागलं. कोसिवा आजीनं डोळे पुसले आणि वर म्हणाली, "एवढ्यासाठी माझे कांदे कुजवलेस होय गं, टवळे," पण तिचा आवाज काही जागेवर नव्हता.

मग जे घडलं त्याची कार्यक्रमपत्रिकेत तरतूद नव्हती. मोठ्या छत्रीखालून प्रश्न आला.

"आणि बकरी?"

तोग्बेंचे डोळे उघडे होते. ते स्वतःच्या तोंडानं बोलत नाहीत, भालदारामार्फत बोलतात. भालदारही त्यांच्याकडे बघत राहिला.

"बकरीचं काय झालं, पोरी?"

"माहीत नाही, तोग्बे. ती घाबरून पाण्यात उडी मारते, मग पान संपतं. पुढचं पंधराव्या पानावर होतं. सरांनी पुस्तक घेतलं."

सगळं गाव हेडमास्तरांकडे बघायला लागलं. हेडमास्तरांचा हात सदऱ्याच्या आत किल्लीवर गेला. त्यांनी संचालकांकडे बघितलं, संचालकांनी आपल्या बंद फोनकडे. शेवटी हेडमास्तर मला म्हणाले, "जेवण जाहीर कर."

मी माईक चालू करून भरल्या आवाजात भात जाहीर केला. कोंबडीही आहे, म्हणालो. माझ्या उभ्या कारकिर्दीत पहिल्यांदा जेवणासाठी कोणी उठलं नाही. "बकरी," मागून कोणीतरी म्हणालं. मग दुसरं कोणी. मी सोबोलोचं लाल सरबत गार आहे हेही सांगून बघितलं.

शेवटी उठले सगळे, भूक काही कोणाला चुकलेली नाही. पण जेवणं गप्प झाली.

गौरव दिनाच्या समितीनं या प्रकाराचा त्याच आठवड्यात निकाल लावला. चौदाव्या पानाअखेर एकही टाळी न पडल्यामुळे सेनामचं वाचन अयशस्वी ठरवण्यात आलं. वाचन गौरवाच्या बक्षिसाची निळी बादली एलिकेमला देण्यात आली, कारण त्यानं समितीपुढे सर्व बारा पानं पुस्तकाला हातही न लावता म्हणून दाखवली, ज्यात पुस्तकाची झीज शून्य आहे. सेनामला समज देण्यात आली आणि काचा पुसायच्या कामावरून काढण्यात आलं. लाल रबर तिनं परत केलं नाही. विचारलं तर म्हणते, "पुढची पानं बांधायला लागणार असतील तर देते, सर."

कोसिवा आजी बाजाराला जायला लागली. सोबत भोपळ्याची वाटी असते. आता सगळ्याच बायका नेतात, आणि नावाडी त्याला अपमान समजतो. त्सिकोपेत पुस्तकातलं काही कोणाच्या कामाला आल्याची ही पहिलीच नोंद असल्यानं ती कोणत्या रकान्यात घालावी हे कळत नाही. सध्या ती 'इतर'मध्ये आहे.

पण बकरीनं फार त्रास दिला. तोग्बेंनी भालदाराला शाळेत पाठवून रीतसर विचारणा केली. आम्हीही रीतसर कळवलं, की बकरीचा विषय विचाराधीन असून पुढील वर्षी वाचन पान सोळापर्यंत वाढवण्याचा प्रस्ताव जिल्ह्याकडे गेलेला आहे. भालदार उत्तर घेऊन आला: "तोग्बे म्हणतात, माझं वय बघता बकरीला जरा लवकर बाहेर काढा." मधल्या सुट्टीत मुलं हेडमास्तरांच्या खोलीच्या खिडकीला गर्दी करतात. ज्यांना आत जाता येतं ती कपाटाच्या काचेला नाक लावून उभी राहतात. काचा आता रोज पुसाव्या लागतात. एक दिवस भर दुपारी मी खोलीत गेलो तर हेडमास्तर एकटेच कपाटासमोर उभे, किल्ली गळ्यातून काढून हातात धरलेली. मला बघून ती त्यांनी पुन्हा सदऱ्यात टाकली.

"काचेवर डाग आहे," ते म्हणाले.

"हो सर," मी म्हणालो. ठराव त्यांचाच आहे, मोडायचा कसा? आम्ही दोघं बराच वेळ तो डाग बघत उभे राहिलो.

तेव्हा बकरी तगली की बुडाली, हे मला विचारू नका. मला माहीत नाही. मी त्या पुस्तकावर फक्त भाषणं करतो, आता सात झाली. तुम्हाला आमचं हसू आलं असेल तर त्याबद्दल आभारी आहे. पाहुण्यांना हसू आलं की समारंभ चांगला झाला असं आम्ही धरतो. एक विनंती मात्र आहे. तुमच्या बैठकीच्या खोलीत, टीव्हीच्या शेजारी, जे पुस्तकांचं काचेचं कपाट आहे, ज्याच्याकडे पाहुण्यांची नजर जाईपर्यंत तुम्ही मुद्दाम दुसरीकडे बघता, त्यातलं कुठलंही एक पुस्तक काढा आणि खूण कितव्या पानात आहे ते बघा. जुनं तिकीट असेल, लग्नाची पत्रिका असेल, मोरपीस असेल. त्या पानावर कोण बसलं आहे आणि पाणी त्याच्या कुठपर्यंत आलं आहे, तेवढं एकदा बघून घ्या. आमच्या पानांना निदान रबर लावलेलं होतं.